कागद चिकटायला हवा

१४ मार्च, गुरुवार

चि. भाच्यास,

मंगळवार, बारा मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुलावरच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघाली. वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळातली आहे. ते घड्याळ तुझ्यासारखं 'होऊन जाईल गं मावशी' म्हणत नाही, बरोबर चालतं.

या पत्रात आशीर्वाद नाहीत. शोधू नकोस.

तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पावणेबाराला होतं, हे तुला ठाऊक आहे. निदान असायला हवं. मी चालवत होते, ताई शेजारी. पुढे एक ट्रक आडवा झाला होता आणि पंचवीस मिनिटं कोणाचं चाक हललं नाही. रांग आता हलेल, मग हलेल, असं वाटत होतं. काटा लाल रेघेकडे गेला तेव्हा मी इंजिन बंद केलं, पण तोवर पुढची काच पांढरी झाली होती. ताई 'आग, आग' म्हणून ओरडली आणि मी हात धरायच्या आत दार उघडून उतरली. बहात्तर वर्षांची बाई, एका डोळ्याने दिसतंय न दिसतंय. दुभाजकाच्या कडेला पाय अडकला. खुब्याचं हाड. तो आवाज मी ऐकला. जुन्या पंख्याच्या घरघरीपेक्षा पुष्कळ लहान होता.

ती घरघर नको म्हणूनच फेब्रुवारीत गाडी तुझ्याकडे दिली होती. इंजिनवर चालणारा जुना पंखा काढून विजेवरचा बसवलास, पाण्याचा पंप काढून रेसिंगच्या गाड्यांचा बसवलास. 'दुप्पट पाणी फेकतो, मावशी!' महिनाभर मी सकाळी मोकळ्या रस्त्याने बाजारात जाऊन येत होते, गाडी लोण्यासारखी चालली. पहिल्यांदा तिला उन्हात उभं राहावं लागलं आणि ती फुटली.

मला कळायला हवं की चूक कोणाची. लेखी कळव. फोनवर तुझा आवाज नेमका हव्या त्या वाक्याला कट होतो. आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, तारीख-वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसतं रडणं. मी रडत नाहीये.

मावशी

---

१९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आई माझी आहे गं, मला काय कमी वाटतंय का?

गाडी ओढून आणली त्याच दिवशी आम्ही तपासली. रेडिएटरसमोर कागद धरून पंखा चालू केला. पंखा बरोबर ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. इथे उडून माझ्या तोंडावर आला! म्हणजे वायरी उलट्या. हवा आत यायच्या ऐवजी इंजिनची गरम हवा बाहेर. उभ्या गाडीत पाणी उकळणारच.

काम मिस्त्रीचं होतं. एकतीस वर्षं बाबांपासून आपल्याकडे, म्हणून मी आजवर काही बोललो नाही. पण वय झालं, हात चुकायला लागले. मी त्याच दिवशी घरी पाठवला. सगळ्या गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवरही कळवलं, दुसऱ्या कोणाच्या आईवर अशी वेळ नको.

तुझ्या गाडीला जुना पंखा आणि जुना पंप परत बसवून दिलाय. जसं होतं तसं. सोबत आमचं नवं माहितीपत्रक पाठवतोय. पहिल्या पानावर तुझीच गाडी आहे, बॉनेट उघडलेली. बघून तेवढंच बरं वाटेल.

तुझा,
भाचा

---

२४ मार्च

मिस्त्री,

तुम्ही मला ओळखता. हिरव्या गाडीची बाई. मी गोड लिहिणार नाही.

पंख्याच्या दोन वायरी. एक इकडे, एक तिकडे. एकतीस वर्षांनंतर तुम्हाला त्या कळल्या नाहीत, आणि माझी बहीण आता वॉकर धरून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. तिथे पोचली की टाळ्या वाजवायच्या, असं फिजिओथेरपीवाली सांगते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

मी बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली, शेवटची नऊ प्रमुख म्हणून. माझ्या हाताखालच्या माणसाने अशी जोडणी केली असती तर त्याला पुन्हा बल्ब बदलायलाही दिला नसता. भाच्याने तुम्हाला काढलं ते योग्यच केलं. त्याच्याबद्दल मी हे वाक्य वर्षातून एकदा लिहिते.

तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहा.

---

६ एप्रिल

बाईसाहेबांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला चष्मा सापडत नव्हता. सुनेने मोठ्याने वाचलं. अर्ध्यात थांबली, मी म्हटलं वाच पुढे. म्हणून उत्तराला उशीर झाला.

पहिलं पंपाचं. मी तुम्हाला काउंटरपाशी सांगितलं होतं, जुनाच पंप आणि जुनाच पंखा राहू द्या. तुमची गाडी बाजाराला, दवाखान्याला जाणारी. तिचा निम्मा वेळ उभं राहण्यात जातो. पळणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभीला पंख्याशिवाय कोणी नाही. आणि रेसचा पंप इंजिन जोरात फिरलं तरच पाणी ढकलतो. सिग्नलला इंजिन हळू फिरतं, तेव्हा तो नुसतं ढवळत बसतो. त्यावर तुम्ही म्हणालात, 'मिस्त्री, या शहराला बत्तीस वर्षं पाणी मी पाजलंय. पंपाचं मला शिकवू नका.' मालक हसले. मीही हसलो. मालकांची मावशी, काय करणार.

तुमचे पंपघरातले पंप रात्रंदिवस एकाच वेगाने फिरत असणार. गाडीचा पंप इंजिनाच्या मर्जीने फिरतो. एवढंच मला सांगायचं होतं, ते राहिलं.

मग मी म्हटलं, पंप कमजोर पडणार तर पंख्यात कसर नको. मालकांनी पातळ पंखा काढून ठेवला होता, मी त्यातल्या त्यात मोठा घेतला, भोवती पत्र्याचा घेर केला म्हणजे सगळ्या रेडिएटरमधून हवा ओढेल. रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला, चार गोल रबरी चकत्या घालून बसवला. दोन फेब्रुवारी, शुक्रवार. पाऊण तास गाडी जागेवर चालू ठेवली. काटा मध्यावरून हलला नाही. समोरून कागद धरला, चिकटला. कागद चिकटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे त्या गॅरेजात सगळ्यांना मीच शिकवलंय. मालकांनापण. ते तेव्हा हाफ चड्डीत होते.

तीन तारखेपासून आठ दिवस मी सुनेच्या बाळंतपणासाठी रजेवर. आलो तेव्हा गाडी तुमच्याकडे गेली होती. मधे काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही ते मी लिहीत नाही. इतकंच सांगतो, तोच पंखा कोणी मागून काढून पुढे बसवला, म्हणजे त्याचं तोंड फिरलं, आणि वायरी तशाच ठेवल्या, तर तो हवा उलटी फेकेल. जागा बदलली की वायरीही बदलाव्या लागतात.

ग्रुपवर माझा फोटो आहे. आता माझं नाव 'उलटा पंखा' झालंय. परवा एका गॅरेजात काम विचारायला गेलो. तिथला म्हणतो, 'बसा मिस्त्री, खुर्चीचं तोंड कुठे करू?' सगळे हसले. माझ्या हाताखाली शिकलेले दोघं होते त्यात.

बहिणीच्या तब्येतीला जपा. वॉकरच्या पायांची रबरं झिजली की लगेच बदला, घसरतो.

मिस्त्री

---

९ एप्रिल

चि. भाच्यास,

तू पाठवलेलं माहितीपत्रक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रद्दीत टाकलं होतं. काल रद्दीतून काढलं. पहिल्या पानावर माझी गाडी, उघडं बॉनेट, आणि खाली तुझं वाक्य: 'स्वच्छ इंजिन, स्वच्छ नजर.'

भिंग घेऊन पाहिलं. रेडिएटरची मागची बाजू आरशासारखी मोकळी आहे. पंखा नाही. पत्र्याचा घेर नाही. मात्र चार कोपऱ्यांवर चार गोल डाग आहेत, रबरी चकत्यांएवढे. आणि जाळीच्या आड, पुढच्या बाजूला, पंख्याचं एक पातं दिसतंय.

एकच विचारते. दोन फेब्रुवारीला मागे असलेला पंखा नऊ तारखेला माझ्या दारात गाडी आली तेव्हा पुढे कसा? फोटोत इंजिन सुंदर दिसावं म्हणून कोणी हलवला? वायरी बदलल्या का? कागद धरला का?

मिस्त्री त्या आठवड्यात रजेवर होते. हजेरीपुस्तक तुझ्याकडेच आहे.

मी त्यांना २४ मार्चला एक पत्र लिहिलं होतं. त्याची लाज मला वाटते आहे. पण ती माझी बाब आहे, तू तिच्यामागे लपू नकोस.

मावशी

---

२५ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. नमस्कार.

एवढ्या उशिरा लिहितोय कारण आईचं सगळं मीच बघतोय. तू येतेस, चिडतेस, जातेस.

फोटोत काय दिसतं त्यावर कोर्टसुद्धा निकाल देत नाही. फोटोवाले फोटोत काय काय करतात तुला काय माहीत. आता गाडीत जुनंच सामान आहे, तपासायला काही उरलेलं नाही, मग रोज उकरायचं कशाला?

आणि मावशी, तुला एवढीच सत्याची हौस असेल तर सोबत गाडी देताना तू भरलेल्या जॉबकार्डची प्रत पाठवतोय. तुझ्याच अक्षरात आहे, वाच: 'आवाज अजिबात नको. रेसिंगचाच पंप बसवावा. मिस्त्रींचं ऐकू नये.' खाली तुझी झोकदार सही. हे मी अजून आईला दाखवलेलं नाही. दाखवायचं का? तिचा खुबा कोणाच्या हट्टापायी गेला हे तिला कळायला नको का?

मी घरातलं घरात ठेवतोय. तूही ठेव. मिस्त्री काय, हातात कसब आहे, कुठेतरी लागेल.

तुझा,
भाचा

---

४ मे

धाकटे,

अक्षर वाकडं आहे, झोपून लिहितेय. तू तुझं भिंग काढ.

तुमचं दोघांचं काय चाललंय ते मला सांगत कोणी नाही, पण या घराच्या भिंती पातळ आहेत आणि सोन्या फोनवर मोठ्याने बोलतो. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला मी सोन्या म्हणते म्हणून तू हसतेस. हस.

एक सांगते आणि मग हा विषय बंद. फेब्रुवारीत तो एकदा जेवायला आला होता. खूष होता. म्हणाला, 'आई, मावशीच्या गाडीचा पंखा मी स्वतः पुढे घेतला, आता इंजिन बघ कसं दिसतं! मिस्त्री असता तर घेऊ दिला नसता.' मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मी भाजी वाढली. हॉस्पिटलात तो माझ्या उशाशी बसून 'मिस्त्रीने घात केला' म्हणाला, तेव्हा कळलं. त्याला वाटतं मी ते जेवण विसरले. तसंच राहू दे.

तो रोज माझे पाय चेपतो. रडतो पण, मी झोपलेय असं समजून. त्याला कबूल करायला लावलंस तर तो माझ्यासमोर कसा बसेल? मिस्त्री भला माणूस आहे, मी कुठे नाही म्हणते. पण मला हा एकच आहे.

जॉबकार्डाचं त्याने मला परवा सांगितलं. मी तुझ्यावर रागावलेले नाही. थोडी रागावलेय. तू लहानपणापासून कोणाचं ऐकलंच नाहीस.

हे वाचून फाडून टाक.

ताई

---

१४ मे, मंगळवार

चि. भाच्यास,

तुझं २५ एप्रिलचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण मधे मी मिस्त्रींच्या घरी जाऊन आले. दोन खोल्या, कपड्यांच्या दोरीवर बाळाचे लंगोट, खिडकीत हत्यारांची पेटी, कुलूप लावलेली. मी उभ्यानेच माफी मागितली. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. माफी दिली नाही. म्हणाले, 'बाईसाहेब, तुम्ही मला लिहिलंत ते मी विसरेन. पण ते सुनेने वाचलंय, तिला कसं विसरायला लावू?'

आता तुझं जॉबकार्ड. अक्षर माझं आहे, सही माझी आहे, मूर्खपणा माझा आहे. मला पंपांचं सगळं कळतं असा मला बत्तीस वर्षांचा माज होता. माझे पंप एका वेगाने फिरायचे आणि मी धरून चालले की जगातले सगळे पंप तसेच फिरतात. जाणत्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं असतं, मी त्याला पहिल्यावरच गप्प केलं. ताईच्या खुब्यातला माझा वाटा मी नाकारत नाही. हे मी तिला तिच्या पलंगाशी बसून सांगितलं आहे. तेव्हा ती प्रत दाखवायचे कष्ट घेऊ नकोस.

मात्र तू तो कागद मला गप्प करायला पाठवलास, आणि पाठवण्याआधी नीट वाचला नाहीस. 'मिस्त्रींचं ऐकू नये.' अरे, ज्याचं ऐकू नये असं लिहावं लागतं, त्याने काहीतरी सांगितलेलं असतं! मिस्त्री विरोध करत होते याचा पुरावा माझ्या अक्षरात, तुझ्या गॅरेजच्या शिक्क्यासह, तूच मला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आहेस. माहितीपत्रकही तूच पाठवलंस. तुझ्याइतका मदत करणारा प्रतिपक्ष मला नोकरीत कधी मिळाला नाही.

ताईवर माझा जीव आहे, आणि तू तिचे पाय चेपतोस हेही मला ठाऊक आहे. म्हणून महिनाभर मी विचार केला की सोडून द्यावं. मग आठवलं, त्या माणसाने वॉकरच्या रबरांबद्दल लिहिलं होतं. मी त्याला नाही नाही ते लिहिलेलं असताना. मी ती रबरं पाहिली. तीन झिजलेली होती. रोज पाय चेपणाऱ्याला ती दिसली नव्हती. मी बदलून घेतली.

तर आता नीट वाच.

ज्या ग्रुपवर मिस्त्रींचा फोटो टाकलास, त्याच ग्रुपवर, आणि कागदावर सही करून मला व त्यांना, तू असं लिहायचं: की मिस्त्रींनी रस्त्यावरच्या गाडीला रेसिंगचा पंप बसवायला विरोध केला होता, की त्यांनी पंखा रेडिएटरच्या मागे बसवून, पाऊण तास गाडी उभी चालवून, कागद चिकटवून पाहिला होता, की ते रजेवर असताना तू स्वतः फोटोसाठी पंखा पुढे घेतलास, वायरी बदलल्या नाहीस आणि कागद धरला नाहीस. 'अनवधानाने', 'कदाचित', 'सर्वांच्याच चुकीमुळे' हे शब्द नकोत. फोटो काढून टाकायचा, आणि त्यांना परत कामावर बोलवायचं. ते येणार नाहीत. तरी बोलवायचं.

माझा कबुलीचा कागद याच पाकिटात आहे, पंपाचा. माझ्या नावानिशी, सहीनिशी. तो तुझ्या कागदाच्या वर लाव. मी मोठी आहे, मी आधी.

हे झालं नाही तर हा सगळा पत्रव्यवहार, माहितीपत्रक आणि जॉबकार्ड गॅरेजवाल्यांच्या संघटनेच्या सचिवांकडे जाईल. मिस्त्रींना मी लिहिलेलं पत्रही जाईल. माझी लाज मी झाकून ठेवणार नाही. त्यात एकच पत्र नसेल. ते माझ्या कपाटात आहे, मी ते फाडायला हवं होतं आणि फाडलेलं नाही. ते कोणाचं, हे विचारायला तुझ्या आईकडे जाऊ नकोस. तिला तुझ्यासमोर चेहरा सरळ ठेवायचे कष्ट आधीच पुष्कळ पडतात.

लेखी उत्तर हवं. तारखेसह, सहीसह. मंगळवार, २८ मे, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांच्या आत. अकरा एकविसाला मी पोस्टात असेन.

मावशी